कोपायलट, उजवं कंट्रोल आणि हिरवी खूण

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. तहसील कचेरीसमोर माझं टंकलेखन आणि झेरॉक्सचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदीचे अर्ज, भाडेकरार, क्वचित मृत्युपत्रंही टाइप करते. जुना पीसी विंडोज १० वर होता. त्याचे अपडेट बंद झाले म्हणून दिवाळीनंतर नवा लॅपटॉप घेतला. विंडोज ११, आठ जीबी रॅम. तेव्हापासून डोक्याला ताप आहे. उजवीकडचं कंट्रोलचं बटणच नाही, तिथे कोपायलट नावाच्या एआय मदतनिसाचं बटण बसवलंय. सेव्ह करायला जावं तर गप्पांची खिडकी उघडते. नोटपॅड विचारतं, लिहून देऊ का. फोटोवर राइट क्लिक केलं तरी एआय.

नेहमीचे एक वकीलसाहेब आहेत. ते म्हणाले, "ताई, हे दर काही सेकंदांनी स्क्रीनचे फोटो काढतं. माझ्या अशिलांचे कागद तुमच्याकडे द्यायचे की नाही, विचार करावा लागेल." भाचा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, "मावशी, एक स्क्रिप्ट पाठवतो, दोन मिनिटांत सगळं साफ." मुलगी म्हणते, विंडोज काढून लिनक्स टाक. मला परत विंडोज १० वर जावंसं वाटतंय. हे सगळं काढता येतं का? बाकी लॅपटॉप चांगला आहे. डेस्कटॉपवरच्या फायलींवर बारीक हिरवी बरोबरची खूण येते, ती कशाची ते कळलं नाही, पण तिचा काही त्रास नाही.

— एक टंकलेखिका, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तुम्ही सहज लिहून गेलेल्या दोन गोष्टी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या. एक, आठ जीबी रॅम. दुसरी, ती हिरवी खूण. पहिलीमुळे वकीलसाहेबांची काळजी मिटते. दुसरीमुळे माझी सुरू होते.

आधी वकीलसाहेब. ते म्हणतात ती गोष्ट खोटी नाही. तिचं नाव रिकॉल. मायक्रोसॉफ्टने ती मे २०२४ मध्ये जाहीर केली. संगणकाने दर काही सेकंदांनी पडद्याची छबी टिपून ठेवायची, आणि महिन्याभराने तुम्ही विचारलं की "तो गट नंबर कुठल्या कागदावर पाहिला होता?" तर शोधून द्यायचा. ऐकायला बरं वाटतं. पण केव्हिन ब्यूमाँट नावाच्या ब्रिटिश सुरक्षातज्ज्ञाने दाखवून दिलं, की छब्यांतून काढलेला मजकूर एका साध्या डेटाबेसमध्ये उघडाच पडलेला असतो. संगणकात कुणी शिरलं तर त्याला आयतं ताट वाढून ठेवल्यासारखं. मग गदारोळ झाला. १८ जूनला येणारी सोय कंपनीने काही दिवस आधी थांबवली, डेटाला कुलूप लावलं, आणि मालकाने स्वतः होकार दिल्याशिवाय चालू होणार नाही अशी करून एप्रिल २०२५ मध्ये परत आणली. टिपलेल्या छब्या संगणकातच राहतात, बाहेर जात नाहीत. तरीही सिग्नलसारख्या मेसेजिंग ॲपने आपली खिडकी रिकॉलला कोरी दिसावी अशी तजवीज केली, म्हणजे विश्वास किती बसला ते समजा.

पण ही सोय फक्त 'कोपायलट प्लस पीसी' म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर चालते. त्याला किमान १६ जीबी रॅम लागते, २५६ जीबीची साठवण लागते, आणि सेकंदाला ४० लाख कोटी आकडेमोडी करणारी एआयची वेगळी चिप लागते. तुमच्याकडे आठ जीबी. विषय संपला. खात्री करायची तर सेटिंग्ज उघडा, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये जा. तिथे 'रिकॉल अँड स्नॅपशॉट्स' असं काही दिसत नसेल, तर तुमच्या पडद्याचे फोटो कुणी काढत नाहीये.

कोपायलट ही वेगळी चीज आहे. तो तुमच्या वर्डमध्ये आपणहून डोकावत बसत नाही. तुम्ही त्याच्या खिडकीत जे टाइप कराल, जी फाइल त्यात टाकाल, किंवा जो पडदा त्याला मुद्दाम दाखवाल, तेवढंच त्याच्याकडे जातं. मात्र ते जातं ते तुमच्या लॅपटॉपबाहेर, कंपनीच्या सर्व्हरवर. म्हणून दुकानाचा नियम साधा ठेवा: अशिलाचा एकही शब्द त्या खिडकीत पेस्ट करायचा नाही, मजकूर सुधारून घ्यायला नाही, भाषांतराला नाही, "जरा बघू या काय म्हणतोय" म्हणूनही नाही. दुकानात मदतीला कुणी मुलगी असेल तर तिलाही हे आजच सांगा.

आता हिरवी खूण. तुम्ही लिहिलंय, तिचा त्रास नाही. नसणारच, ती खूण गुपचूप काम करणाऱ्याची आहे.

डेस्कटॉपवरच्या फाइलवर गोलात हिरवी बरोबरची खूण असणं म्हणजे ती फाइल वनड्राइव्हवर गेलेली आहे. वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवरचं कपाट. नवा लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना तुमचा ईमेल आणि पासवर्ड मागितला असेल, दुकानदाराने किंवा भाच्याने भराभर 'नेक्स्ट, नेक्स्ट' केलं असेल. त्या ओघात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डरं वनड्राइव्हच्या बॅकअपला जोडली जातात, पुष्कळदा वेगळं न विचारता. दिवाळीपासून तुम्ही डेस्कटॉपवर ठेवलेलं प्रत्येक प्रतिज्ञापत्र, आधार कार्डाचा प्रत्येक स्कॅन, एखादं मृत्युपत्र असेल तर तेही, त्या कपाटात जाऊन बसलंय. याचा एआयशी काही संबंध नाही. पण अशिलांचे कागद बाहेर जातात का, हा वकीलसाहेबांचा जो खरा प्रश्न आहे, त्याचं उत्तर कोपायलटच्या बटणात सापडणार नाही, या खुणेत सापडतं.

घाबरू नका. ते कपाट तुमच्याच नावाचं आणि पासवर्डचं आहे, चव्हाट्यावर नाही. उद्या लॅपटॉप चोरीला गेला किंवा त्यावर चहा सांडला तर त्याच कपाटाने तुम्हाला वाचवलं असतं. पण दुसऱ्यांचे कागद तिथे ठेवायचे की नाही, हे तुम्ही ठरवायला हवं होतं, आणि ते तुमच्या नकळत ठरलं. शिवाय फुकटची जागा ५ जीबीच. स्कॅन ठेवणाऱ्याची ती बघता बघता भरते, आणि मग "जागा संपली, विकत घ्या" अशा मेल येऊ लागतात.

हे बंद करताना घाई केली तर पोटात गोळा येतो, म्हणून सावकाश सांगतो. आधी सी ड्राइव्हवर 'दुकान' नावाचं नवं फोल्डर करा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधले सगळे कागद तिथे कॉपी करा. कट नाही, कॉपी. फाइलवर हिरव्या खुणेऐवजी ढगाचं चित्र असेल तर ती लॅपटॉपवर नाहीच, फक्त कपाटात आहे. नेट चालू असताना कॉपी केलीत की ती आधी खाली उतरेल. सगळं आल्याची खात्री करा, दोन-चार फायली उघडून बघा. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी ढग दिसेल. त्यावर क्लिक, दातेरी चाकावर क्लिक, सेटिंग्ज, 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप'. तिथे एकेका फोल्डरसमोरचं बटण बंद करा. फायली कुठे ठेवायच्या असं विचारलं, तर फक्त या संगणकावर, असं सांगा. काही विचारलंच नाही, आणि डेस्कटॉप एकदम रिकामा दिसला, तर किंचाळू नका. फायली गेलेल्या नसतात, वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये राहिलेल्या असतात. माझ्या ओळखीतले एक काका त्या रिकाम्या डेस्कटॉपकडे बघून दुपारभर जेवले नव्हते.

कपाटातल्या प्रती सगळ्यात शेवटी काढा, आणि त्याही बॅकअप बंद केल्यानंतर, ब्राउझरमधून. वनड्राइव्ह जोडलेलं असताना एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं, हे लक्षात असू द्या. वर्ड नवी फाइल वनड्राइव्हवर ठेवायला बघत असेल तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथे जाऊन 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डीफॉल्ट' या चौकटीत खूण करा. आणि कपाट सोडलंत म्हणजे बॅकअप तुमच्या गळ्यात आला. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, शनिवारी दुकान बंद करताना 'दुकान' फोल्डर तिच्यावर चढवा आणि ती घरी न्या. दुकानातच ठेवलीत तर चोर दोन्ही नेईल.

आता तुम्ही मुळात विचारलंत ते. हे भराभर सांगतो, कारण यात धोका थोडा आणि वैताग जास्त.

मॅकवर ॲपलच्या एआयला बंद करायला सेटिंग्जमध्ये एकच मोठं बटण आहे. विंडोजमध्ये तसं एक बटण नाही. जिथे जिथे पाहुणा शिरलाय, तिथे तिथे जाऊन त्याला उठवावं लागतं. पहिला कोपायलट. सेटिंग्ज, 'ॲप्स', 'इन्स्टॉल्ड ॲप्स'. यादीत कोपायलट शोधा, समोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून अनइन्स्टॉल करा. सरळ जातो. त्याच यादीत 'मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट' असंही दिसेल. हा दुसरा भाऊ. पूर्वी याचं नाव 'मायक्रोसॉफ्ट ३६५ (ऑफिस)' होतं, जानेवारी २०२५ पासून बारसं बदललं. तो गेला तरी वर्ड आणि एक्सेल जात नाहीत, त्यालाही निरोप द्या.

नोटपॅडमध्ये वर उजवीकडे दातेरी चाक आहे. आत 'एआय फीचर्स'खाली कोपायलटचं बटण बंद केलं की "लिहून देऊ का" बंद. फोटोवरच्या राइट क्लिकसाठी सेटिंग्ज, 'ॲप्स', 'ॲक्शन्स', तिथली बटणं बंद. एज ब्राउझरच्या कोपऱ्यातलं कोपायलटचं चिन्ह एजच्याच सेटिंग्जमधून लपवता येतं. तुम्ही क्रोम वापरत असाल तर तेवढेही कष्ट नकोत. पेंटमध्ये एआयची बटणं राहतील. राहू द्या, पेंट तुम्ही कशाला उघडताय?

वर्डचं बघा. एकदाच पैसे भरून घेतलेलं ऑफिस असेल तर त्यात बहुधा कोपायलट नसतोच. वर्षाची वर्गणी असेल तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'कोपायलट', आणि 'एनेबल कोपायलट'ची खूण काढा. एक्सेलमध्ये हेच पुन्हा करावं लागतं. वर्गणीवरून आठवलं. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने घरगुती वर्गणीत कोपायलट घातला आणि दर वाढवले. कोपायलट नसलेली जुन्या दराची 'क्लासिक' योजना जुन्या वर्गणीदारांसाठी शिल्लक होती, पण ती दिसायची कुठे, तर वर्गणी रद्द करायला निघालं की. ऑस्ट्रेलियात तिथल्या ग्राहक आयोगाने यावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टात खेचलं, सुमारे २७ लाख ग्राहकांची दिशाभूल केल्याचा आरोप ठेवला, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने तिथल्या वर्गणीदारांची माफी मागून परताव्याची तयारी दाखवली. तुमचा लॅपटॉप नवा, वर्गणीही नवीच असणार, त्यामुळे क्लासिक तुमच्या वाट्याला येईल असं वाटत नाही. पण नूतनीकरणाची तारीख आली की आधी आकडा बघा, मग पैसे भरा.

एक गंमत सांगतो. तुम्ही अजून आयएसएम किंवा श्री-लिपीच्या जुन्या फाँटात टाइप करत असाल, तर त्या मजकुरापुढे कोपायलट पार आडवा होतो. एखाद्या गिऱ्हाइकाच्या संगणकावर फाँट नसला की आपलं सुरेख मराठी कसं कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं, ते तुम्ही शेकडो वेळा पाहिलं असेल. आत खरोखर तेच साठवलेलं असतं, मराठी फक्त वरच्या फाँटाचं सोंग. एआयला ते कडबोळंच मिळतं, आणि तो त्याचं 'व्याकरण सुधारतो'. याला मात्र संरक्षण समजू नका. स्कॅन केलेला कागद आणि युनिकोडमधली (कुठल्याही संगणकावर मराठीच दिसणारी) फाइल तो वाचू शकतो.

राहिलं ते बटण. टंकलेखनाच्या क्लासात शिकवलेलं तुमच्या बोटांत बसलंय: अक्षर डाव्या हाताचं तर जोडबटण उजव्या हाताचं. डाव्याने एस, उजव्याने कंट्रोल. दोन बोटांनी टाइप करणाऱ्याला या बदलाचा पत्ताही लागला नसेल, शिक्षा झाली ती शिकलेल्याला. जानेवारी २०२४ पासून नव्या लॅपटॉपांवर हे बटण येऊ लागलं, आणि जागा गेली ती बहुतेक उजव्या कंट्रोलची.

सेटिंग्जमध्ये 'पर्सनलायझेशन', 'टेक्स्ट इनपुट' इथे (काही यंत्रांवर कीबोर्डच्या पानावर) हे बटण दाबल्यावर काय उघडावं ते बदलता येतं. पण तिथे कंट्रोल हा पर्याय नाही. 'सर्च' निवडा, म्हणजे निदान गप्पांची खिडकी उघडणार नाही. खरं कंट्रोल हवं असेल तर पॉवरटॉइज नावाचं मायक्रोसॉफ्टचंच फुकट साधन स्टोअरमध्ये मिळतं. त्यातल्या 'कीबोर्ड मॅनेजर'मध्ये 'रीमॅप अ शॉर्टकट' घ्या. डावीकडे विंडोज, शिफ्ट आणि एफ २३, उजवीकडे कंट्रोल (राइट). एफ २३ वाचून चमकू नका. आयबीएमच्या जुन्या टर्मिनलच्या कीबोर्डांवर एफची चोवीस बटणं असायची. तो पत्ता रिकामा पडला होता, तिथे या बटणाने बिऱ्हाड केलं. हा उपाय चालतो, पण शंभर टक्के नाही. बटण स्वतःबरोबर विंडोज आणि शिफ्टही दाबतं, त्यामुळे काही जोड्या अडखळतात.

खरं सांगू? दिवसभर टाइप करणाऱ्या माणसाने लॅपटॉपच्या पाटीवर बोटं झिजवूच नयेत. जुन्या पीसीचा कीबोर्ड माळ्यावर टाकलाय ना? तो काढा, पुसा, यूएसबीला लावा. टीव्हीएस गोल्ड असेल, तो टकटक वाजणारा, तर विचारायलाच नको, त्याला उजवं कंट्रोल आहे आणि तो अजून दहा वर्षं टिकेल. गोल पिनेचा असेल तर यूएसबीचा कन्व्हर्टर कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो. मग लॅपटॉपवरचं कोपायलटचं बटण बसू दे तिथे, शोभेला.

भाच्याची स्क्रिप्ट. मुलगा प्रेमापोटी म्हणतोय, आणि अशा स्क्रिप्टा, म्हणजे एका झटक्यात चालणाऱ्या आज्ञांच्या याद्या, खरंच असतात, काही चांगल्याही असतात. पण दुकानाच्या यंत्रावर नको. का, ते माझ्याच गाढवपणावरून सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी मी थोरल्या भावाच्या हिशेबाच्या संगणकावर इंटरनेटवरची अशीच एक सफाईची स्क्रिप्ट चालवली. काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी धावल्या, शेवटी हिरव्या अक्षरांत 'डन', मी कॉलर ताठ केली. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन: कॅल्क्युलेटर कुठे गेला? मग कळलं, फोटोही उघडत नाहीत, स्टोअर गायब, म्हणून ते परतही आणता येईनात. पुढच्या महिन्यात अपडेट अर्ध्यावर जाऊन मागे फिरू लागलं. शेवटी विंडोज नव्याने टाकलं, त्यात शनिवार-रविवार गेला, आणि जीएसटीचं विवरण भरायची तारीख सोमवारची.

ॲप अनइन्स्टॉल करणं म्हणजे भाडेकरूला बाहेर काढणं. खोलवर जाणाऱ्या स्क्रिप्टा भिंत फोडून त्याची खोलीच काढतात. विंडोजच्या अपडेटला मात्र सगळ्या खोल्या नकाशाप्रमाणे जागच्या जागी लागतात, नाहीतर ते गोंधळतं. शिवाय स्क्रिप्टला ॲडमिनचे सगळे हक्क द्यावे लागतात. ज्या यंत्रावर लोकांची आधार कार्डं आहेत, तिथे अनोळखी माणसाने लिहिलेल्या कोडला किल्ल्यांचा जुडगा द्यायचा, आणि तेही कशासाठी, तर गोपनीयतेसाठी! भाच्याला फारच हौस असेल तर ओ अँड ओ शटअप १० प्लस प्लस हे जर्मन कंपनीचं फुकट साधन आहे. त्यात एकेक बटण वेगळं चालू-बंद करता येतं आणि पुन्हा पूर्ववत करता येतं. आधी रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर मागे परतायची सोय) घ्यायला सांगा आणि शेजारी बसून प्रत्येक बटण कशाचं ते विचारा.

यूट्यूबवर 'ग्रुप पॉलिसी उघडा' किंवा 'रजिस्ट्रीत हा आकडा टाका' सांगणारे व्हिडिओ दिसतील. त्यांच्या मागे लागू नका. ग्रुप पॉलिसी विंडोजच्या होम आवृत्तीत मुळात नसते, आणि आपल्याकडचे बहुतेक घरगुती लॅपटॉप 'होम सिंगल लँग्वेज' घेऊनच येतात (तुमचं बघायचं तर सेटिंग्ज, 'सिस्टिम', 'अबाउट'). त्या व्हिडिओंतली बरीचशी युक्ती २०२३ च्या जुन्या, बाजूला चिकटून उघडणाऱ्या कोपायलटची आहे. आताचा कोपायलट साधं ॲप आहे, त्याला ती लागू पडत नाही.

एखाद्या मोठ्या अपडेटनंतर कोपायलट परत आलेला दिसेल. दिसला की पुन्हा काढा, अर्ध्या मिनिटाचं काम. उलटंही झालंय: मार्च २०२५ च्या अपडेटमधल्या चुकीमुळे काही संगणकांवरून कोपायलट आपोआप निघून गेला होता, आणि लोकांनी ही चूक दुरुस्त करू नका अशी थट्टा केली. ऑफिस ९७ मधली ती डोळे मिचकावणारी कागदाची क्लिप आठवते का? "तुम्ही पत्र लिहिताय असं दिसतंय" म्हणणारी? २००१ मध्ये तिला मुळातच बंद करून पाठवू लागले, २००७ च्या ऑफिसात ती उरलीच नाही. कोपायलट इतक्या लवकर जाईल असं मला वाटत नाही. विंडोजचे प्रमुख पवन दावुलुरी नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हणाले, की विंडोज आता आपणहून कामं करणारी, एजंट असलेली प्रणाली होणार आहे. त्यावर लोक तुटून पडले, पण दिशा कळली. सेटिंग्ज, 'सिस्टिम', 'एआय कॉम्पोनंट्स' इथे कधी प्रयोगातल्या एजंट-सोयींचं बटण दिसलं तर ते बंदच राहू द्या.

विंडोज १० वर परत जाऊ नका. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा-अपडेटची मुदत दिली तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. आणि कोपायलट त्यातही घुसवला होताच. लिनक्सबद्दल मुलगी चूक नाही. लिनक्स मिंटसारख्यात हा ससेमिरा नाही, फुकट आहे, नेटका आहे. पण तुमचं आयएसएम तिथे धड चालणार नाही, आणि भाडेकराराच्या नोंदणीला लागणारं अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचा डोंगल यांच्याशी झटापट होईल. गिऱ्हाईक समोर स्टॅम्प पेपर धरून उभं असताना ते परवडणार नाही. मिंट माळ्यावरच्या जुन्या पीसीवर टाकायला मुलीला सांगा. तिचा हात बसेल, आणि तुम्हाला नुसत्या पत्रव्यवहाराला एक जादा यंत्र मिळेल.

भाचा पुढच्या वेळी आला की वनड्राइव्हचं काम त्याच्या हातून करून घ्या, तुमच्या देखत. ते झाल्यावर वकीलसाहेबांना सांगा: माझ्या लॅपटॉपवर रिकॉल नाही, येऊ शकत नाही, आणि तुमचे कागद आता वनड्राइव्हवरही नाहीत. मग सहज विचारा, त्यांचा स्वतःचा लॅपटॉप कुठल्या साली घेतला आणि त्याची रॅम किती. जून २०२४ नंतरचा, १६ जीबीचा, महागातला असेल, तर तो कोपायलट प्लस असू शकतो. तसं असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडायला सांगा, यादीतल्या रिकॉलची खूण काढून संगणक पुन्हा चालू करायचा, की ते मुळातूनच जातं. आणि त्यांच्या डेस्कटॉपवर हिरवी खूण दिसते का, तेही तिथेच बघून घ्या.